मसाई पठारावरच्या हाका

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

परवा जिन्यात तू म्हणालीस, "काका, आम्ही सहाजणी इमॅजिकाला चाललोय. मी पहिल्यांदा नायट्रोतच बसणार, मी काय भितो काय?" मी कारखान्याच्या घाईत होतो, नुसती मान हलवली. रात्री जेवताना ते वाक्य पुन्हा आठवलं आणि हे लिहायला बसलो. तू जरूर जा. दहावीचं वर्ष मान मोडून काढलंयस, आता मैत्रिणींबरोबर घसा बसेपर्यंत ओरडायचा तुझा हक्क आहे. माझं सांगणं त्याच्या आड येणार नाही.

आधी इमॅजिका पार्कातल्या त्या नायट्रो रोलरकोस्टरबद्दल. उद्यमनगरात लेथवर माझी तीस वर्षं गेली, त्यामुळं असलं यंत्र दिसलं की मला ते आतून बघावंसं वाटतं. उंची ४० मीटर, वेग ताशी शंभराच्या घरात आणि बसल्यावर पायाखाली फळी नाही. साखळी गाडीला वर ओढत नेते तेव्हा खालून टक-टक-टक असा आवाज येईल. त्या आवाजाला घाबरू नकोस, त्याच्या भरवशावरच वर चढ. आपल्या रॅचेट पान्यात असतो तसलाच तो खटका आहे. साखळीनं दगा दिला तरी गाडी मागं घसरू नये म्हणून तो एकेक दात पकडत जातो. माथ्यावर साखळी सुटली की पुढं गाडीला ढकलणारं इंजिन नसतं. कमावलेली उंची खर्च करतच ती पुढच्या सगळ्या गिरक्या घेते. नववीच्या पुस्तकातला 'कार्य आणि ऊर्जा' हा धडा काढ आणि ४० मीटरवरून सुटलेल्या वस्तूचा तळाशी वेग किती ते मांडून बघ. सेकंदाला २८ मीटर येईल, म्हणजे ताशी शंभर किलोमीटर. त्या गणितात वस्तुमान दोन्हीकडून कटतं, हेही बघून ठेव. चाकं रुळाच्या फक्त वर नसतात. बाजूनं असतात, खालूनही असतात, म्हणून गाडी उलटी झाली तरी रूळ सोडत नाही.

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. गाडी उलटी फिरते तो वळसा पुरता गोल नसतो, पाण्याच्या थेंबासारखा वर निमुळता असतो. पूर्वीचे वळसे खरोखर गोल होते आणि त्यात माणसांच्या मानेला जबर हिसके बसायचे. गोल वळशात तळाशी आणि माथ्यावर अंगावर येणाऱ्या जोरात आपल्या वजनाच्या सहापट फरक पडतो. १९७६ साली कॅलिफोर्नियात जो नवा रोलरकोस्टर उभा राहिला, त्यात वर्नर स्टेंगेल या जर्मन अभियंत्यानं थेंबाचा आकार वापरला आणि पुढं जगभर तोच रुळला. तुझा जन्म व्हायच्या कितीतरी आधी एक माणूस कागद-पेन्सिल घेऊन तुझ्या मानेचा विचार करत बसला होता, असं मला ते वाचताना वाटलं. दाराशी उंचीची पट्टी असते, तीही त्याच विचारातून आलेली. टाचा उंचावून तिला फसवायला जाऊ नका. खांद्यावरचा तो दांडा ठरावीक उंचीच्या अंगावरच नीट बसतो.

एवढं यंत्रपुराण लावलं, कारण तुमच्या बाकीच्या सहलींत असा विचार आधी करून ठेवलेला नसतो. राऊतवाडीच्या धबधब्याखाली शेवाळलेल्या दगडावर पाय ठेवताना पट्टी लावून बघणारा कुणी नसतो. वर डोंगरात सर आली की खाली तुमच्या पोटऱ्यांपर्यंतचं पाणी बघता बघता कमरेला लागतं. आपल्या गावाच्या नावानं ओळखला जाणारा तो कोल्हापूर पद्धतीचा बंधारा, त्याच्या खालच्या अंगाला पाणी उथळ दिसतं, पण तिथला भोवरा पट्टीच्या पोहणाऱ्यालाही खाली दाबून धरतो. तिथं उतरू नका, कुणी पैज लावली तरी. अशा ठिकाणी माप घेणारं माणूस तुमच्यातच असावं लागतं.

आता मी आजवर घरात कुणाला न सांगितलेली गोष्ट सांगतो.

तुझ्याएवढा असताना आषाढात आम्ही सातजण पन्हाळा ते पावनखिंड चालायला निघालो. १२ जुलै १६६० च्या रात्री महाराज ज्या वाटेनं गेले, तीच वाट. अंगात वारं भरलं होतं. राजदिंडीतून उतरलो आणि मसाई पठारावर पोचेपर्यंत धुकं असं दाटलं की चार हातांवरचा माणूस दिसेना. पुढं कोण जातंय याची आमच्यात चुरस लागली. गाणी, हसणं, एकमेकांना ढकलणं, सगळं चाललं होतं. पठार उतरून एका वाडीत चहाला थांबलो, तेव्हा कप सहाच लागले. सातव्याचं पायताण तुटलं होतं, तो मागं राहिला होता, आणि हे आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. आम्ही उलटे पळत सुटलो. दोन तासांनी तो सापडला. एका दगडाला पाठ लावून, तुटलेलं पायताण मांडीवर घेऊन बसला होता. ओठ निळे पडले होते. एवढंच म्हणाला, "मी हाका मारल्या रे." त्याच्या हाका आमच्या हसण्यात बुडून गेल्या होत्या. तो आमच्याबरोबर पावनखिंडीपर्यंत आला, पण त्यानंतर आमच्या कुठल्याही सहलीला आला नाही. आम्हीही दोनदा विचारलं आणि नंतर विचारायचं सोडून दिलं. ही दुसरी चूक मला पहिलीपेक्षा जास्त लागते.

तेव्हापासून माझा एकच नियम आहे: घोळक्याची चाल सगळ्यात मागच्याच्या पायानं ठरवायची. डोंगरावर ते समजायला सोपं जातं. इमॅजिकात, मॉलमध्ये, जोतिबाच्या यात्रेत मागं कोण राहिलंय ते चटकन दिसत नाही, म्हणून तिथं जास्त बघावं लागतं.

तुमच्या सहाजणींत एकीला उंचीची भीती असेल. असणारच. ती रांगेत गप्प होईल, पाण्याची बाटली सारखी उघड-झाक करेल. तेव्हा तुझं ते "मी काय भितो काय?" तिच्या कानावर पडू देऊ नकोस. ते ऐकून ती लाजेखातर बसेल आणि तिचा पुढचा सगळा दिवस नासेल. "मी पण टरकलोय, पण बसणार," असं तू म्हणालीस तर तिला "मी नाही बसत" म्हणायला तोंड उघडता येईल. मग एकीनं तिच्याबरोबर खाली थांबायचं, पुढच्या वेळी दुसरीनं. बॅगा सांभाळायला ठेवल्यासारखं तिला बाकावर सोडून पाचजणी तीन-तीनदा नायट्रो करून आलात, तर ती घरी जाऊन काय आठवेल?

आणि पैसे. यावर मी जरा जास्त बोलणार. इमॅजिका खोपोलीजवळ, इथून सुमारे ३०० किलोमीटर. जाणं-येणं, तिकीट, आतलं खाणं, लॉकर सगळं धरून बऱ्याच घरांचा आठवड्याचा बाजार होतो. तुम्ही ग्रुपवर आधी तारीख ठरवता, मग टीटीएमएम, म्हणजे तुझं तू माझं मी, म्हणून मोकळ्या होता. प्रत्येक वेळी ऐन सकाळी जिच्या पोटात दुखतं, ती मैत्रीण मला माहीत आहे, तुलाही माहीत आहे. माझा अंदाज आहे की तिचं पोट ठणठणीत आहे. यापुढं आधी खर्चाचा आकडा काढा, तो ग्रुपवर न टाकता एकेकीला भेटून विचारा आणि जमत नसेल तर सहल बदला. तिचे पैसे पाचजणींनी भरायचं ठरवलंत तर तेही चालेल, पण मग ती गोष्ट तिथंच संपवा. महिन्यानंतर भांडणात "तुझं तिकीट आम्ही काढलं होतं" हे कुणाच्या तोंडून निघणार असेल, तर भरूच नका.

बदलायला आपल्याकडं काय कमी आहे? एसटीनं कुरुंदवाडला जा, तिथून खिद्रापूर. कोपेश्वराच्या स्वर्गमंडपात ४८ खांब आहेत आणि मधोमध छत गोल उघडं आहे. त्याच्या बरोबर खाली, जमिनीवरच्या गोल शिळेवर उभं राहून वर बघा, गिरकी आल्यासारखं होतं. कणेरी मठावर सिद्धगिरीचं ग्रामजीवन संग्रहालय आहे. शाळेच्या सहलीत तुम्ही ते रांगेत पळत बघितलंय, आता सावकाश बघा. नाहीच कुठं जमलं तर रंकाळ्यावर संध्याकाळी भेळ. सहाच्या सहाजणी असल्या की तीही सहलच.

प्रवासाबद्दल थोडक्यात. एकाच ड्रायव्हरनं एका दिवसात जाऊन-येऊन सहाशे किलोमीटर, असं कुणी सुचवलं तर माझ्याकडून ठाम नाही. रात्री परतताना तुम्ही दमून झोपलेल्या असाल आणि डुलकी त्यालाही लागेल. दोन ड्रायव्हर घ्या, नाहीतर लोणावळ्यात कुणाच्या तरी नातेवाइकांकडं मुक्काम करा. बरोबर कुणीतरी मोठं माणूस हवंच, ते तुझ्या आईशी मी बोलतो. राइडच्या आधी पोटभर जेवू नका. गिरक्यांत कान एक सांगतो, डोळे दुसरंच सांगतात, म्हणून मळमळतं. मान मागं टेकवून नजर समोर ठेवली की बराच फरक पडतो.

जायच्या आधी एक काम करू. येत्या रविवारी पहाटे साडेपाचला सगळ्याजणी गंगावेशीत या. कट्ट्यावर धारोष्ण दूध पिऊ आणि पन्हाळ्याला जाऊ. गाडी मी आणतो, खर्च काही नाही, हे त्या पोटदुखीवालीला तू स्वतः जाऊन सांग. राजदिंडीतून उतरून मसाई पठारापर्यंत चालायचंय. वाट मला ठाऊक आहे, म्हणून पुढं मी राहीन. सगळ्यात मागं तू चालायचंस.

तुझा,
खालच्या मजल्यावरचा काका