परदेशात राहून भारतातलं मूल दत्तक घेतलं, तर पहिलं वर्ष कसं जातं?

आम्ही अमेरिकेत असतो. लेक पुण्यातल्या संस्थेतून आली, तीन वर्षांची. 'कारा'चं (दत्तक प्रक्रिया पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या प्राधिकरणाचं) ना हरकत प्रमाणपत्र, जिल्हाधिकाऱ्यांचा दत्तक आदेश, पासपोर्ट, व्हिसा हे सगळं झाल्यावरही पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी सहामाही, मूल कसं रुळतंय याचा अहवाल 'कारा'कडे जातो. त्यासाठी इथल्या दत्तक संस्थेची माणसं घरी येऊन भेटतात. त्या भेटींना घाबरू नका, आम्हाला आधारच वाटला.

कठीण असतात त्या रात्री. ती पोळीचा तुकडा मुठीत धरून झोपायची. आम्ही तो काढून घेतला नाही, उशाशी डबाच ठेवला. संस्थेतली तिची चादर आवर्जून मागून आणा आणि लगेच धुऊ नका, तो वास तिच्या ओळखीचा असतो. घरात मराठीच बोला. मला ती 'मावशी' म्हणायची, संस्थेतल्या सवयीने. सातव्या महिन्यात, मी वरणभात कालवत असताना, पहिल्यांदा 'आई' म्हणाली.