सभेचं दार बंद होतं तेव्हा : कॅलिफोर्नियातल्या वाचकांचे प्रश्न

प्रश्न : स्कूल बोर्डाच्या सभेला गेलो, तर ‘क्लोज्ड सेशन’ म्हणून आम्हाला बाहेर बसवलं. असं चालतं का?

चालतं, पण विषय अजेंड्यावर छापलेला हवा. इथला ब्राउन अ‍ॅक्ट १९५३चा. सभा उघडीच घ्यायची, हा त्याचा मूळ नियम. दार लावायला कारणं मोजकीच: कोर्टातले दावे, जागेच्या भावाची बोलणी, युनियनशी वाटाघाटी, कर्मचाऱ्याची नेमणूक किंवा बडतर्फी. नेहमीच्या सभेचा अजेंडा ७२ तास आधी लागतो, तो वाचूनच जा. दार लागण्याआधी त्या विषयावर तुम्हाला बोलता येतं. आणि नंतर थांबा. बोर्डाचा वकील बाहेर येऊन काय ठरलं ते एका वाक्यात वाचतो, तेव्हा खुर्च्या बहुतेक रिकाम्या असतात. सुपरिंटेंडंटच्या, म्हणजे शाळांच्या मुख्य अधिकाऱ्याच्या, पगारावरचं अंतिम मतदान मात्र उघड्या सभेतच, तेही आधी तोंडी गोषवारा सांगून.

प्रश्न : आमच्या सिटी कौन्सिलच्या पाचांपैकी तिघे व्हॉट्सअ‍ॅपवर आधीच सगळं ठरवून येतात. हे कायद्यात बसतं?

अजिबात नाही, आणि मला सगळ्यात जास्त खुपतं ते हेच. पाचांत तिघे म्हणजे बहुमत. एकानं दुसऱ्याला फोन केला, दुसऱ्यानं तिसऱ्याला, तरी ती बेकायदा सभाच झाली. सिटी मॅनेजरला मध्ये घालूनही सुटका नाही. तो एकेकाला माहिती देऊ शकतो, पण एकाचं मत दुसऱ्याच्या कानावर घालू शकत नाही. २०२१पासून तर कौन्सिलच्या कामाबद्दल सहकाऱ्यानं फेसबुकवर जाहीर पोस्ट टाकली, तर तिला नुसता अंगठाही देता येत नाही.

प्रश्न : असा ठराव झालाच, तर?

‘ठराव दुरुस्त करा’ अशी लेखी मागणी ९० दिवसांत द्या. उघड्या सभेतच, पण अजेंड्याबाहेरचा निर्णय झाला असेल, तर ३० दिवसांतच. कौन्सिलला दुरुस्तीसाठी ३० दिवस मिळतात. तिनं नकार दिला, तर कोर्टात जायला तुमच्या हाती फक्त १५ दिवस उरतात.

प्रश्न : आई पुण्याहून व्हिजिटर व्हिसावर आली आहे. लायब्ररीच्या वेळेबद्दल तिला कौन्सिलपुढे बोलायचंय, पण इंग्रजी येत नाही.

अवश्य बोलू द्या. बोलण्याचा हक्क जनतेला आहे, फक्त नागरिकांना नाही. सभेला बसण्यासाठी नाव लिहिण्याची सक्तीही नाही. दुभाषी लागणाऱ्याला निदान दुप्पट वेळ द्यावा लागतो. हेडफोनवर लगेच भाषांतर ऐकण्याची सोय असेल, तरच नाही. इतरांना दोन मिनिटं असतील, तर आईंना चार. त्यांच्या शेजारी उभे राहा, आणि त्यांचं वाक्य पुरं झाल्यावरच भाषांतर सुरू करा.