राष्ट्राध्यक्ष पायउतार झाला की त्याच्या काळातल्या भ्रष्टाचाराचा हिशोब कोण घेतं?

देशावर अवलंबून आहे. अमेरिकेत तर जाता जाता माफी वाटायची रीतच आहे. थोरल्या बुशनी २४ डिसेंबर १९९२ ला, पद सोडायला महिनाही उरला नसताना, इराण-काँट्रा प्रकरणातल्या (इराणला चोरून शस्त्रं विकून तो पैसा निकाराग्वातल्या बंडखोरांना पुरवल्याचं प्रकरण) सहा जणांना माफ केलं. त्यातल्या माजी संरक्षणमंत्री वाइनबर्गर यांचा खटला अजून उभाही राहिला नव्हता! क्लिंटननी तर अगदी शेवटच्या दिवशी, २० जानेवारी २००१ ला, करचुकवेगिरीचा आरोप असलेल्या फरार मार्क रिचला माफी दिली.

दक्षिण कोरियात उलटं. राष्ट्राध्यक्ष पार्क ग्युन-हे यांना २०१७ मध्ये हटवलं, मग तुरुंगात घातलं. (२०२१ च्या शेवटी त्यांनाही माफी मिळालीच म्हणा.)

भारताच्या राष्ट्रपतींना कलम ३६१ चं फौजदारी संरक्षण आहे, पण पदावर असेपर्यंतच. माफीही ते मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानंच देतात.

आम्हा कोल्हापूरकरांना हे कारखाना, बँकेवरून पटकन कळतं. सहकार कायद्याच्या कलम ८८ खाली माजी संचालकांवरही नुकसानीची जबाबदारी टाकता येते, आणि तिथं चेअरमननं जाता जाता स्वतःच्या माणसांना माफ करायची सोय नाही. चौकशी वर्षानुवर्षं रेंगाळते, ते वेगळं.