ऑनर्सचा वर्ग बंद झाला, आता आमच्या मुलीचं काय?

‘ताई, मुलगी हुशार आहे हा काय आमचा गुन्हा झाला?’ कॅलिफोर्नियातल्या मराठी आया हा प्रश्न मला वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. शाळेनं वरच्या पातळीचे, म्हणजे ‘ऑनर्स’चे, वर्ग काढून टाकले, सगळ्यांना एकत्र बसवलं आणि कारण सांगितलं समान संधीचं. आता आपलं मूल मागे पडणार, ही धास्ती. असंच एक कुटुंब काही महिन्यांपूर्वी माझ्याकडे सल्ल्यासाठी आलं. ओळख पटेल असे तपशील बदलून त्यांच्याबद्दल लिहिते आहे.

नवराबायको दोघं सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या बे एरियात, सॉफ्टवेअरमध्ये. थोरला मुलगा कॉलेजात, धाकटी आठवीत. ती ज्या हायस्कूलमध्ये जाणार, तिथला नववीचा ऑनर्स इंग्रजीचा वर्ग बंद झाला होता. दादानं ऑनर्स केलं, एपी म्हणजे कॉलेजच्या पातळीचे विषय केले, चांगल्या विद्यापीठात गेला. हिच्या वेळी मात्र दार बंद. आई रडवेली झाली होती. बाबांनी आजूबाजूच्या स्कूल डिस्ट्रिक्टची (एकेका भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थांची) आणि तिथल्या घरांच्या किमतींची यादीच करून आणली होती. म्हणाले, ‘घर विकावं का, तेवढंच सांगा.’

घर विकण्याआधी नेमकं काय बंद झालंय ते बघू, असं मी म्हटलं. पालक सगळं एकाच गठ्ठ्यात बांधतात आणि तिथेच घोळ होतो. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया प्रवेशासाठी जीपीए (गुणांची सरासरी) काढते तो दहावी-अकरावीच्या गुणांवर; नववीचे गुण त्यात धरत नाही. ऑनर्स आणि एपीचा जादा गुणही जास्तीत जास्त आठ सत्रांपुरता, त्यातली दहावीची चारच. म्हणजे नववीच्या ऑनर्स इंग्रजीमुळे त्या आकड्यात तसूभर फरक पडत नाही. शिवाय अर्ज वाचताना विद्यार्थ्याच्या शाळेत कोणते विषय उपलब्ध होते हेही बघतात. शाळेत नसलेला वर्ग घेतला नाही म्हणून कोणी अर्ज बाजूला टाकत नाही.

गणिताचं मात्र वेगळं. तिथे पायऱ्या एकावर एक आहेत: अल्जिब्रा, जॉमेट्री, पुन्हा अल्जिब्रा, प्रीकॅल्क्युलस, मग कॅल्क्युलस. आठवीत अल्जिब्रा झाला तर बारावीत कॅल्क्युलसला सरळ पोचता येतं. नववीत सुरू केला तर मध्ये कुठेतरी दोन वर्षांचं एका वर्षात उरकावं लागतं. सॅन फ्रान्सिस्कोनं २०१४ मध्ये आठवीतला अल्जिब्रा काढला आणि सगळ्यांना नववीत एकत्र शिकवायचं ठरवलं. ऐपत असलेल्या पालकांनी बाहेरून पैसे भरून मुलांना तो शिकवला. आपल्याला यात नवल नाही. शाळेत जे मिळत नाही ते क्लासमध्ये मिळतं, फी भरणाऱ्याला. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये आकडे तपासले, तर वरच्या गणितातली वांशिक दरी फारशी बुजलेली दिसली नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये शाळा मंडळानं आठवीतला अल्जिब्रा परत आणायचं ठरवलं आणि मार्चमध्ये मतदारांनीही मोठ्या बहुमतानं त्याच बाजूनं कौल दिला. त्यामुळे हिच्या शाळेत गणिताची वाट उघडी आहे का, हे आधी विचारा, असं मी सांगितलं. ती उघडी होती. आईला जरा हायसं वाटलं.

बाबा गप्पच होते. मी सहज विचारलं, तुम्ही शाळेत कोणत्या तुकडीत होतात? आपल्याकडे कितीतरी शाळांनी वर्षानुवर्षं गुणांवर तुकड्या पाडल्या. आई ‘अ’ तुकडीतली, हे न विचारता कळत होतं. बाबा म्हणाले, ‘क. सातवीपर्यंत.’

मला वाटलं, आता हे म्हणतील की म्हणून वेगळे वर्ग नकोत. पण ते म्हणाले, ‘म्हणूनच तर भीती वाटते, मॅडम. क मध्ये काय चालतं ते मी बघितलंय. सर धडा वाचून दाखवायचे आणि प्रश्नोत्तरं फळ्यावर लिहून द्यायचे. कोणी आमच्याकडून कसलीच अपेक्षा ठेवली नाही. आता सगळ्यांना एकत्र बसवणार म्हणजे सगळ्यांचीच क तुकडी करणार.’

बायकोला हे आजवर माहीत नव्हतं. कॉलवर थोडा वेळ कोणी बोललं नाही.

माझ्या मते या सगळ्या वादात विचारायचा प्रश्न हाच आहे: एकत्र केलेला वर्ग ‘अ’ सारखा शिकवणार की ‘क’ सारखा? ऑनर्सच्या वर्गांत काळी आणि लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाची) मुलं फार कमी दिसतात, ही तक्रार खरी आहे. तिथे पोचायला बुद्धी लागतेच, पण अर्ज कधी करायचा, शिक्षकांची शिफारस कशी मिळवायची, हे ठाऊक असलेले आईवडीलही लागतात. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण नुसती पाटी काढली की ती मुलं पुढे येत नाहीत. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर रॉकव्हिल सेंटर म्हणून डिस्ट्रिक्ट आहे. त्यांनी १९९० च्या दशकात गणिताच्या तुकड्या मोडल्या, पण मोडताना वरचा अभ्यासक्रम सगळ्यांना दिला आणि ज्यांना जड जाईल त्यांच्यासाठी जादा तास ठेवले. तिथे हुशार मुलांचं नुकसान झालं नाही आणि बाकीचीही वर आली. जादा तासांना शिक्षक लागतात, शिक्षकांना पगार. ज्या डिस्ट्रिक्टला हा खर्च टाळायचा असतो त्यांना पाटी काढणं स्वस्त पडतं, असं मला स्पष्ट वाटतं.

मुलीशी मी वेगळं बोलले. ऑनर्स गेल्याचं तिला फार दुःख नव्हतं. दादाशी तुलना टळली म्हणून थोडी सुटल्यासारखीच वाटली. तिला टोचत होतं ते निराळंच. ‘मावशी, आई म्हणते, त्या मुलांमुळे वर्ग गेला. ती मुलं म्हणजे कोण? माझी बँडमधली बेस्ट फ्रेंड लॅटिना आहे. ती आमच्याकडे जेवायला येते.’ मग जरा थांबून म्हणाली, ‘पण इंग्लिशमध्ये बोअर होतं हेही खरं आहे. एकच पुस्तक किती आठवडे! माझं पहिल्या आठवड्यात वाचून होतं.’ या दोन्ही गोष्टी आईबाबांना सांगशील का, असं मी विचारलं. पुढच्या कॉलवर तिनं सांगितल्या, पहिली सांगताना आईकडे न बघता. आईनं सफाई दिली नाही, हे मला आवडलं. ‘मी असं बोलायला नको होतं,’ एवढंच ती म्हणाली.

मग कामाचं बोललो. शाळेला विचारायचे प्रश्न लिहून काढले: नववीच्या सामाईक वर्गात कोणती पुस्तकं असतील, निबंध किती, लवकर संपवणाऱ्या मुलांना काय देणार, मागे पडणाऱ्यांसाठी जादा तास कोण घेणार. पुढे दहावी-अकरावीत तिला भूक असेल तर कम्युनिटी कॉलेजचे (दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजांचे) विषय हायस्कूलमध्ये असतानाच घेता येतात; युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया मान्य करते अशा विषयांना जीपीएत ऑनर्ससारखाच जादा गुण मिळतो. हे बाबांना माहीतच नव्हतं. त्यांनी लगेच लिहून घेतलं.

आई शाळेच्या बैठकीला गेली. पुस्तकांची यादी जुन्या ऑनर्सचीच आहे, असं उत्तर मिळालं. जादा तासांसाठी मात्र शिक्षक नेमलेला नव्हता. तिनं दुसऱ्या बैठकीतही तेच विचारलं. तिसऱ्या बैठकीला बाबा गेले आणि मोडक्या शब्दांत का होईना, स्वतःच्या क तुकडीबद्दल बोलले. शिक्षक अजून नेमलेला नाही.

परवा आईचा मेसेज आला: उन्हाळ्यात जॉमेट्रीचा क्लास लावावा का? मी विचारलं, तिला विचारलंत? विचारलं होतं. तिला मैत्रिणीबरोबर बँडच्या कॅम्पला जायचंय. मी लिहिलं, मग कॅम्पची फी भरा.