स्टिअरिंग थरथरतंय? आधी कधी थरथरतं ते सांगा

प्रश्न : काका, माझी डिझेल हॅचबॅक सात वर्षांची आहे. चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून कऱ्हाडला आले आणि महामार्गाला लागले, की 85 ते 100 च्या वेगात स्टिअरिंग हाताला थरथरतं. 70 ला काहीच नाही, 110 ला पुन्हा कमी. अलाइनमेंट करून झालं, बॅलन्सिंगही झालं. आता दुकानदार म्हणतो, चारही टायर बदला. नक्षी चांगली शिल्लक आहे. बदलू का?
— एक शिक्षिका, चिपळूण

उत्तर : ताई, इतक्यात नको. तुम्ही वेग नेमका लिहिलात, त्यामुळे निम्मं काम झालं. गॅरेजमध्ये ‘गाडी व्हायब्रेट होते’ एवढंच सांगितलं की समोरचा अंदाजाने सुटे भाग बदलत जातो आणि बिल तुमचं वाढतं. हे मी कोल्हापुरात वर्कशॉप चालवताना खूप पाहिलं आणि दर वेळी वाईट वाटलं.

अलाइनमेंट बाजूला ठेवा. ते चाकांच्या कोनांचं काम आहे. कोन बिघडले तर गाडी एका बाजूला ओढते, टायर एकाच कडेने खाते. ठराविक वेगातली थरथर त्याने जात नाही, त्यामुळे तिथे आणखी पैसे घालू नका.

तुमच्या गाडीत संशय आहे तो पुढच्या चाकांच्या बॅलन्सवर, म्हणजे चाकाचं वजन सगळ्या बाजूंना सारखं आहे का यावर. 185/65 आर15 मापाचा टायर घेतला तर त्याचा घेर सुमारे 1.95 मीटर भरतो, म्हणजे 90 च्या वेगाला चाक सेकंदाला जवळजवळ 13 वेळा फिरतं. रिमच्या कडेला फक्त 30 ग्रॅम वजन जास्त असेल, तर या वेगाला ते चाकाला साधारण पावणेचार किलोच्या जोराने बाहेर खेचतं, आणि तेही दर फेऱ्याला. 45 च्या वेगाला हाच जोर एक किलोच्या आत असतो, कारण वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. मग 110 ला कमी का वाटतं? सस्पेन्शन आणि स्टिअरिंगची स्वतःची एक कंपनाची गती असते. चाकाचे फेरे तिच्याशी जुळले की थरथर मोठी होते, पुढे गेले की उतरते.

थरथर स्टिअरिंगला असेल तर पुढची चाकं, सीटखाली आणि पाठीला जाणवत असेल तर मागची, असा ढोबळ नियम धरा. खात्री करायची तर पुढची दोन्ही चाकं मागे आणि मागची पुढे लावून त्याच रस्त्यावर त्याच वेगाने चालवून बघा. थरथर हातातून सीटखाली गेली तर दोष चाकातच आहे. जागची हलली नाही, तर चाक ज्यावर बसतं तो हब, त्याचं बेअरिंग, आणि स्टिअरिंग-सस्पेन्शनचे सांधे, म्हणजे टाय रॉड आणि बॉल जॉइंट, तपासायला लावा.

आता बॅलन्सिंग करूनही फरक का पडला नाही? तुमचं गाव चिपळूण आहे, म्हणून आधी रिमची आतली बाजू बघा. गणपती झाले की कोकणातून वर येणाऱ्या गाड्यांच्या रिममध्ये मी तांबड्या मातीचे वाळलेले थर पाहायचो, खरवडून काढावे लागायचे. ती माती तशीच ठेवून बॅलन्सिंग केलं, तर मशीन मातीचा हिशोब धरून वजन लावतं. पुढच्या पावसात थोडी माती सुटून पडली की सगळा हिशोब बिघडला. चाक आतून धुऊन, जुनी वजनं सगळी काढूनच मशीनवर चढवायला सांगा.

आणि मशीनजवळ उभ्या राहा. हक्काने राहा, ताई. मशीनने रिमच्या आतल्या आणि बाहेरच्या, दोन्ही बाजूंना शून्य दाखवलं की म्हणा, ‘चाक सैल करून शाफ्टवर अर्धा फेरा फिरवा, परत आवळा आणि पुन्हा मोजा.’ आकडा 5 ग्रॅमच्या आसपास राहिला तर काम चोख. 20-25 दाखवू लागला तर चाक शाफ्टवरच्या शंकूवर (कारागीर त्याला ‘कोन’ म्हणतात) नीट बसलेलं नव्हतं आणि आधीचं शून्य खोटं होतं. बऱ्याच ‘बॅलन्सिंग करूनही जात नाही’ तक्रारींचं मूळ मला इथे सापडलं आहे.

मशीनवर चाक फिरत असताना रिमची कडही बघून घ्या. स्थिर धरलेल्या स्क्रू ड्रायव्हरच्या टोकापासून कड एक-दीड मिलिमीटर आत-बाहेर होत असेल, तर रिम खड्ड्यात वाकलेली आहे. लोखंडी रिम बऱ्याचदा सरळ होते. अलॉयला तडा असेल तर वेल्डिंगच्या भरीला पडू नका, रिम बदला. टायर रिमवर नीट बसलाय का, हेही तिथेच दिसतं. रिमलगत टायरवर एक बारीक रेघ असते, तिचं रिमपासूनचं अंतर सगळीकडे सारखं हवं.

टायरच्या बाजूला फुगा दिसला, किंवा नक्षीवर हात फिरवताना एका जागी उंचवटा लागला, तर मात्र तो टायर त्याच दिवशी काढा. आतले थर सुटलेले असतात आणि घाटात तो फुटला तर सावरायला जागा नसते. दोष एका टायरमध्ये असेल तर त्या एकासाठी चारही घेण्याची गरज नाही. एका अॅक्सलवर, म्हणजे पुढच्या दोन किंवा मागच्या दोन चाकांना, त्याच मापाचा सारखा जोड ठेवा, एवढं पुरे.

प्रश्न : कसारा घाट उतरताना ब्रेक दाबला की स्टिअरिंग हलतं, पायालाही धडधड जाणवते. ब्रेक सोडला की सगळं शांत. बॅलन्सिंग करू का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नको. फक्त ब्रेकवर येणारी, स्टिअरिंगला जाणवणारी धडधड बहुतेक वेळा पुढच्या डिस्कची, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या ब्रेकच्या तबकडीची असते. डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिली नाही, की तिला दाबणारा ब्रेक पॅड दर फेऱ्याला मागे-पुढे ढकलला जातो. हा फरक मिलिमीटरच्या काही शतांशांचा असला तरी पायाला कळतो. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. तिच्यापेक्षा पुरेशी जाड असेल तरच लेथवर मारून घ्या, नाहीतर पुढच्या दोन्ही डिस्क एकदम बदला. नवी डिस्क बसवण्याआधी हबचा गंज ब्रशने घासून काढायला लावा. गंजाच्या खपलीवर बसलेली नवी डिस्कसुद्धा डुलते.

नटांचंही बघा. हवेच्या गनने एका ओळीत धडाधड आवळलेले नट डिस्क तिरकी बसवतात. समोरासमोरचे नट आळीपाळीने, शेवटी टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने), गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मापाला आवळायचे. आणि घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवून राहू नका, खालचा गिअर टाका.

प्रश्न : कालच पंक्चर काढून चाक लावलं. आज 40 च्या वेगालाच गाडी हलतेय. शनिवारी दाखवली तर चालेल?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : चालणार नाही. चाक काढल्यानंतर लगेच सुरू झालेली थरथर म्हणजे नट सैल आहेत असं धरूनच चाला. गाडी जागेवर थांबवा, पाना घेऊन नट तपासा. नट घट्ट असतील तर त्या चाकाची हवा आणि टायरची आतली बाजू बघा. नट सैल निघाले तर आवळा, 50-100 किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासा. रिमची भोकं लांबट झालेली दिसली, तर ती रिम परत वापरू नका, स्टेपनी लावून गाडी गॅरेजला न्या.