इंदूरला धुळवडीपेक्षा रंगपंचमी मोठी का? आणि इथल्या पंचांगात ती चैत्रात कशी?

दुसरा प्रश्न आधी, कारण त्यात नवीन सुनांचा हमखास गोंधळ होतो. आपला महिना अमावास्येला संपतो, इथल्या हिंदी पंचांगातला पौर्णिमेला. त्यामुळे होळी पेटली की दुसऱ्या दिवसापासून त्यांचा चैत्र वद्य सुरू होतो, आपला मात्र फाल्गुन वद्यच चालू असतो. दिवस एकच, नाव वेगळं. २०२५ मध्ये रंगपंचमी १९ मार्चला होती, दोन्हीकडे. गंमत म्हणजे नवं वर्ष त्यांचंही चैत्र शुद्ध प्रतिपदेलाच, म्हणजे आपल्या पाडव्याला. अर्धा चैत्र जुन्या वर्षात, अर्धा नव्या!

आता मोठी का, तर गेरमुळे, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीमुळे. धुळवडीला गल्लीत खेळून लोक मोकळे होतात. पंचमीला अख्खं शहर राजवाड्याकडे निघतं. ही चाल होळकरांच्या काळापासूनची असं सगळे सांगतात. टँकरमधून रंगीत पाण्याचे फवारे तिसऱ्या मजल्यापर्यंत जातात, यंत्रांतून गुलाल उडतो. आदल्या दिवशी दुकानांच्या पाट्यांवर आणि घरांच्या दर्शनी भागावर ताडपत्री चढते.

पहिल्यांदा जाणार असाल तर केसांना भरपूर खोबरेल लावा, मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत घाला, चपला जुन्या आणि पट्ट्याच्या. माझी एक चप्पल राजवाड्यासमोर कुठेतरी अजून असेल. लहान मुलं असतील तर ओळखीच्या कुणाची गच्ची गाठा. पुरणपोळी होळीलाच होऊन जाते. पंचमीला घरी आल्यावर आमच्याकडे नुसता गरम वरणभात.