पुण्यात राहून शंख-शिंपले आणि सागरी जीवाश्म जमवायचे आहेत. सुरुवात कशी करावी, चांगले नमुने कुठून विकत घ्यावेत?

विकत घेण्याचं नंतर बोलू. आधी एक बांधीव वही घ्या. शंख नंतर आला तरी चालेल.

हे एवढं ठासून सांगायला कारण आहे. माझे बाबा एसटीत कंडक्टर होते, दापोली डेपोला. केळशी, आंजर्ले अशा गावांच्या मुक्कामी गाड्यांवर त्यांची ड्युटी असायची. कोकणात भरतीची वेळ तिथीवरून काढतात, तिथीची पाऊणपट. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, ही भरतीची वेळ, म्हणजे ओहोटी त्याच्या सहाएक तास आधी, पहाटे पाच-साडेपाचला, आणि उधाणाची असल्यामुळे पाणी खूप आत गेलेलं. बाबा सहकाऱ्यांशी ड्युटी बदलून पौर्णिमा-अमावास्येचा मुक्काम मागून घ्यायचे. अंधारात बॅटरी घेऊन किनारा फिरायचे आणि साडेसहाला गाडीची घंटी मारायला हजर. कवड्या, कोनशंख, समुद्रफेन, जाळ्यातून कोळ्यांनी टाकून दिलेलं काहीबाही, सगळं खाकी पिशवीतून घरी यायचं. मग चपलांच्या नाहीतर मिठाईच्या खोक्यात कापूस घालून ठेवायचे आणि झाकणाच्या आतल्या बाजूला लिहायचे. एक मला तोंडपाठ आहे: "केळशी, खाडीच्या तोंडाशी, मार्गशीर्ष पौर्णिमा, ११ डिसेंबर १९८१, ओहोटी ५.२०, रिकामा मिळाला." मॅट्रिक झालेला माणूस. पण कुठे, केव्हा, कोणत्या अवस्थेत, हे एकदाही लिहायचं राहिलं नाही.

बाबा गेल्यावर ती खोकी पुण्याला दादाच्या फ्लॅटवर आली. एका पावसाळ्यात शंखांवर पांढरी भुकटी दिसायला लागली. दादाने सगळे शंख धुतले, वाळवले, आकारानुसार काचेच्या बरण्यांत लावले आणि ओलसर खोकी रद्दीवाल्याला दिली. चाळीसेक खोकी, झाकणांसकट. मी गौरी-गणपतीला गेले तेव्हा बरण्या शोकेसमध्ये चमकत होत्या. "खोकी कुठायत?" म्हटलं, तर म्हणाला, "अगं, कुजली होती. तुला शंख हवेत की पुठ्ठा?"

त्या वाक्यावरून आमचं जे वाजलं, ते अजून मिटलेलं नाही.

त्यात एक अमोनाइट होता, म्हणजे गुंडाळीदार कवचाच्या, आता नामशेष झालेल्या समुद्री प्राण्याचा जीवाश्म, बाबांच्या लष्करातल्या मित्राने कच्छहून आणून दिलेला. तो घेऊन मी पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत गेले. तिथल्या बाईंनी आपुलकीने पाहिला आणि विचारलं, "कुठल्या गावचा?" झाकणावर गावाचं आणि ओढ्याचं नाव होतं, पण मला ते आठवेना. कच्छमध्ये पच्छम, चारी, कट्रोल असे ज्युरासिक काळातले थर एकावर एक आहेत. अमोनाइटच्या जाती भराभर बदलत गेल्या, म्हणून कोणता अमोनाइट कोणत्या थरात सापडला यावरूनच त्या खडकांचं वय लावतात. गाव कळलं असतं तर थर कळला असता. आता तो सुंदर आहे, एवढंच.

दादा म्हणतो, सगळ्यांवर "कोकण" लिही आणि मोकळी हो. मी लिहिणार नाही. सात झाकणं मला नक्की आठवत होती, ती वहीत उतरवली. बाकीच्यांपुढे "ठिकाण अज्ञात" लिहिलं आहे. अंदाजाने लिहिलेलं ठिकाण हे न लिहिलेल्यापेक्षा वाईट, कारण पुढचा माणूस त्यावर विश्वास ठेवतो.

तुम्ही असं करा: शंखावर न दिसणाऱ्या जागी पारदर्शक नेलपॉलिशचा ठिपका द्या, वाळला की त्यावर काळ्या शाईने क्रमांक घाला, तोच क्रमांक वहीत, आणि एक चिठ्ठी बरणीत. वही शंखांच्या कपाटात ठेवू नका.

दादाचं एक बरोबर होतं, ते कबूल करते. पुठ्ठा आणि प्लायवूड शंखांचा घात करतात. त्यातून व्हिनेगरसारख्या आम्लाची वाफ सुटते, ती शंखातल्या चुन्याला खाते आणि पांढरे क्षार वर येतात. बाइन नावाच्या इंग्रज संग्राहकाने १८९९ मध्ये याबद्दल लिहिलं, म्हणून याला बाइन्स डिसीज म्हणतात. हा रोग जंतूंमुळे होतो असं त्याला वाटलं होतं, पण ते चूक होतं. पुण्याच्या पावसाळी दमटपणात तो जोर धरतो. काच, पत्रा किंवा चांगलं प्लास्टिक वापरा. गेलेली चकाकी परत येत नाही.

आता जीवाश्म. पुण्याच्या दगडात समुद्र नाही. वेताळ टेकडीपासून सिंहगडापर्यंत सगळा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा पाषाण. वाघोलीच्या खाणींत निळा कॅव्हन्साइट मिळतो, तो जगात नावाजलेला आहे, पण ते खनिज आहे. मात्र तुमच्या देवघरात शाळिग्राम असेल तर सागरी जीवाश्म घरातच आहे. गंडकीच्या वरच्या खोऱ्यातल्या काळ्या शेलमधले, म्हणजे चिखलापासून बनलेल्या पापुद्र्यांच्या खडकातले, ते अमोनाइट, हिमालय उठण्याआधीच्या समुद्रातले. आतलं चक्र पाहायला फोडू नका.

विकत घ्यायचंच असेल तर दक्षिणावर्ती शंखापासून जपा. आपला खरा शंख उलट्या वळणाचा क्वचितच सापडतो. त्या नावाने बरेचदा अमेरिकेच्या किनाऱ्यावरची एक वेगळीच जात विकतात, जिचं वळण मुळात डावंच असतं (आपण ज्याला दक्षिणावर्ती म्हणतो, त्या वळणाला शास्त्रात डावं म्हणतात). तोंडातून आत पाहा. आपल्या शंखाच्या मधल्या खांबावर तीन-चार ठसठशीत वळ्या असतात, त्या जातीचा खांब गुळगुळीत असतो. मोरोक्कोच्या ट्रायलोबाइटमध्येही (हा खंडाखंडांच्या अंगाचा, नामशेष झालेला समुद्री प्राणी) राळेचे जोड पुष्कळ असतात.

आणि हे आधीच सांगायला हवं होतं: प्रवाळ, समुद्रघोडा, नॉटिलस (अमोनाइटसारखा गुंडाळीदार, पण आजही जिवंत असलेला प्राणी), ट्रायडॅक्नाचे मोठे शिंपले यांना १९७२च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. किनाऱ्यावरच्या दुकानात उघड मांडलेले असले तरी घेऊ नका. जिवंत शंख उचलू नका, आणि रिकामा वाटला तरी आत खेकडा राहायला आलाय का ते बघा.

दादा, तू हे वाचशील म्हणून लिहिते. डावीकडून तिसऱ्या बरणीतला केळशीचा शंख मी ओळखलाय. त्यात चिठ्ठी ठेवली आहे, साफसफाई करताना ती काढू नकोस.